गोष्ट कुठे रेंगाळते ते बघा: चिनी लोककथा आणि क्वीअर वाचन

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या एका ग्रुपला ल्यांग शानबो आणि झू यिंगथायच्या चिनी लोककथेवर मराठीत छोटं नाटक बसवायचंय. निम्मी मुलं म्हणतायत ही क्वीअर गोष्ट आहे, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या प्रेमाची. बाकीची म्हणतायत की मुलगी मुलाचे कपडे घालून शिकायला जाते, मुलाच्या प्रेमात पडते, दोघं मरतात, यात क्वीअर काय आलं, आजचं लेबल दीड हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला कशाला चिकटवायचं. आणि पुरुषाच्या वेषात लढाईवर जाणाऱ्या मुलानसारख्या बाकीच्या गोष्टीही अशा वाचतात का, आणि वाचत असतील तर कशा वाचायच्या.

मी 22 वर्षं चिनी शिकवते, लोककथांचे अनुवाद करते, आणि हा वाद माझ्या वर्गात दर वर्षी होतो, म्हणून जरा लांबच उत्तर देते. माझ्या मते दोन्ही बाजू कथानकावरून भांडतायत. मुलगी होती, मुलगा होता, शेवट काय झाला. कथानक तर चार ओळींत संपतं, पण लोककथा ऐकणारे लोक काही त्या चार ओळींसाठी रात्रभर बसत नव्हते. मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावते, गोष्ट कुठे रेंगाळते आणि कुठे घाई करते ते बघायचं. सांगणाऱ्याला जिथे मजा येते, ऐकणारा जिथे ‘अजून सांग’ म्हणतो, तिथे गोष्टीचा जीव असतो. क्वीअर वाचन म्हणजे मला तरी त्या जागेपाशी थांबणं वाटतं, पात्राच्या कपाळावर चिठ्ठी लावणं नाही.

आता ल्यांग-झूच घ्या. काळ पूर्व चिन राजवटीचा, म्हणजे चौथं शतक. यिंगथाय मुलगा बनून हांगचौला शिकायला निघते, वाटेत शानबो भेटतो, दोघं भाऊ-भाऊ म्हणून शपथ घेतात आणि तीन वर्षं एकत्र शिकतात. यातला एक प्रसंग युए ऑपेरात, म्हणजे चिनी संगीतनाट्याच्या एका प्रकारात, आहे, तो मी वर्गात नेहमी घेते. शानबोला यिंगथायच्या कानाच्या पाळीला भोक दिसतं. तो विचारतो, तू मुलगी नाहीस तर हे कसं? यिंगथाय सांगते, आमच्या गावात जत्रा असतात, दर वर्षी देवाच्या मिरवणुकीत मीच ग्वानयिन देवी बनतो, त्यासाठी कान टोचलेत, तू आपला अभ्यासात लक्ष दे, बायकांचे विचार कशाला करतोस? यावर शानबो म्हणतो की आजपासून ग्वानयिनकडे बघायची माझी छाती होणार नाही.

हे वाक्य जरा मनात घोळवा. त्या क्षणी शानबोच्या लेखी समोर मुलगाच आहे. त्याला अजून काहीही कळलेलं नाही. तरी त्याच्या आत असं काहीतरी हललंय की यापुढे देवळात मूर्तीसमोर उभं राहिलं तर या मित्राचा चेहरा दिसेल अशी त्याला धास्ती वाटतेय. पुढे ती मुलगी निघते हे खरं, पण ते पुढे. प्रेम आधी जागं झालं, माहिती नंतर आली. ‘ती मुलगीच तर होती’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की या वाक्याचं तुम्ही काय करणार?

मग येतो निरोपाचा प्रसंग, अठरा ली (ली हे अंतराचं चिनी माप) सोबत चालत पोचवायला जाणं, आणि गोष्ट सगळ्यात जास्त रेंगाळते ती इथे. कथानकात या प्रसंगाला काहीच किंमत नाही, एक मित्र दुसऱ्याला घरच्या वाटेला लावतो, बस. पण ऑपेरात लोक याचीच वाट बघत असतात. वाटेत मँडरिन बदकांची जोडी दिसते, यिंगथाय विचारते मी मुलगी असतो तर आपली अशी जोडी जमली असती ना, तो म्हणतो जमली असती, पण तू मुलगी नाहीस हेच वाईट. विहिरीत डोकावतात, ती म्हणते बघ एक बाई आणि एक पुरुष हसतायत, तो चिडतो, मी चांगला बाप्या माणूस, मला बाई म्हणतोस? मग ग्वानयिनचं देऊळ लागतं, ती म्हणते चल, देवीच आपली मध्यस्थ, इथेच लग्न लावून घेऊ, आणि तो म्हणतो दोन बाप्यांचं लग्न कसं लागायचं! ती त्याला मूर्ख हंस म्हणते, आपण ठोंब्या म्हणू. शेवटी हरून ती सांगते, माझी एक जुळी बहीण आहे, तिच्याशी तुझं लग्न ठरवतो. आणि या शानबोला त्या बहिणीबद्दल जाणून काय घ्यायचंय? ती तुझ्यासारखी दिसते का. हुबेहूब माझ्यासारखी, म्हटल्यावर स्वारी खूश. म्हणजे त्याला हवी असलेली बायको यिंगथायसारखी, आणि यिंगथाय हा त्याच्या समजुतीने मुलगा.

आता याच्या शेजारी शेवट ठेवून बघा. तो तिच्या घरी जातो, तिचं लग्न मा घराण्यात ठरलेलं असतं, तो खंगून मरतो, तिची वरात त्याच्या थडग्यावरून जाते, थडगं उघडतं, ती आत उडी घेते, फुलपाखरं बाहेर येतात. हे सगळं भराभरा होतं. ज्या काळात दोघं एका खोलीत, एका वर्गात, एकाच पोशाखात होते तेवढाच काळ गोष्टीने त्यांना सुखाचा दिलाय. ती बाईच्या कपड्यात आली की ताटातूट सुरू. हे मी लादत नाहीये, गोष्टीची बांधणीच अशी आहे.

दुसरी गोष्ट, ही कथा रंगमंचावर कोण करत होतं? युए ऑपेरा 1906 मध्ये चच्यांग प्रांतातल्या शंगशियान भागात सुरू झाला तेव्हा त्यात सगळे पुरुष होते. 1923 मध्ये तिथे मुलींचा पहिला वर्ग निघाला, आणि 1930-40 च्या दशकांत शांघायमध्ये या मंडळ्या जवळपास पूर्णपणे बायकांच्या झाल्या, नायकसुद्धा बाईच. समोर प्रेक्षकांतही बायका खूप, श्रीमंत घरातल्या आणि गिरणीत काम करणाऱ्याही. म्हणजे त्या निरोपाच्या प्रसंगात एक बाई पुरुष झालेली असते, दुसरी बाई ‘पुरुषाचं सोंग घेतलेली बाई’ झालेली असते, दोघी एकमेकींना लाडीगोडी लावतायत आणि समोर बसलेल्या बायका जीव टाकतायत. 1963 च्या हाँगकाँगच्या सिनेमात शानबोचं काम लिंग पो या नटीने केलं, आणि तैवानमधल्या बायकांनी तिला अक्षरशः डोक्यावर घेतलं, लोकांनी तो सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला. त्या बायका स्वतःला काय म्हणवून घेत असतील ते असो, पण त्यांना काय आवडत होतं ते तर लपलेलं नाही ना! 1954 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एनलाय यांनी जिनिव्हा परिषदेत परदेशी पाहुण्यांना याच कथेचा ऑपेरा-सिनेमा चिनी रोमिओ-ज्युलिएट म्हणून दाखवला, तेव्हा त्यातला रोमिओही फान रुईच्युआन ही बाईच होती.

ग्वानयिनचा धागा मध्ये सोडला होता, तो उचलते, कारण तो आपल्या घरापर्यंत येतो. ग्वानयिन म्हणजे मूळचा अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना माहीत असतो, कान्हेरीच्या 41 नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, आणि औरंगाबाद लेण्यांत 7 नंबरला तो आग, चोर, बुडणारं जहाज अशा संकटांतून लोकांना सोडवताना कोरलाय. इथे तो पुरुष आहे. चीनमध्येही आधी पुरुषच होता, वायव्य चीनमधल्या तुनहुआंग लेण्यांतल्या जुन्या चित्रांत त्याला बारीक मिशी आहे. पण कुमारजीवाने 406 साली सद्धर्मपुंडरीक सूत्राचं जे चिनी भाषांतर केलं त्यात हा बोधिसत्त्व 33 रूपं घेतो, भिक्षू, भिक्षुणी, गृहिणी, मुलगा, मुलगी, ज्याला ज्या रूपात वाचवता येईल ते रूप. पुढे सोंग राजवटीच्या (दहावं ते तेरावं शतक) आसपास लोकांच्या मनात तो देवी झाला. आता बघा, यिंगथाय म्हणते मी जत्रेत ग्वानयिन होतो. म्हणजे मुलगा बनलेली मुलगी सांगतेय की मी पुरुषाची देवी झालेल्या देवाचं सोंग घेतो! आणि देऊळ कोणाचं, मध्यस्थ कोण, तर तीच. मला नाही वाटत हा योगायोग आहे. ज्यांनी या ओळी रचल्या त्यांना रूप बदलणाऱ्या या देवीची गंमत चांगली कळत होती.

चिनी लोकांनी या देवीला स्वतःची जन्मकथाही दिली, म्याओशान राजकन्येची. राजाची तिसरी मुलगी, लग्नाला साफ नकार देते, बाप तिला छळतो, मठ जाळतो, मारायला निघतो, आणि पुढे तोच आजारी पडल्यावर ती आपले डोळे आणि हात काढून देते. हनान प्रांतातल्या श्यांगशान इथे 1100 साली ही कथा शिळेवर कोरली गेली, आणि पुढे बायकांच्या मेळ्यांत ती पोथीसारखी वाचली जायची. ती कोणाच्या कामी आली ते बघितलं की लोककथेची ताकद कळते. ग्वांगदोंगमधल्या शुन्द भागात रेशमाच्या धंद्यात बायका स्वतःचा पगार मिळवायला लागल्या तेव्हा त्यातल्या कित्येकींनी लग्न न करण्याची शपथ घेतली. तिकडे लग्न होताना मुलीची वेणी सोडून अंबाडा घातला जायचा, आणि तो घालायला दुसरी बाई असायची. या बायकांनी ग्वानयिनसमोर स्वतःच्या हाताने स्वतःचा अंबाडा घातला. त्यांना त्झशूनुई म्हणतात, म्हणजे स्वतःचे केस स्वतः विंचरणाऱ्या. त्यातल्या काही जोड्यांनी एकत्र आयुष्य काढलं, विधी करून नातं जोडलं, काहींना फक्त सासरचा जाच नको होता. सगळ्या जणी एकमेकींच्या प्रेमात होत्या असं म्हणणं चूक आहे आणि कोणीच नव्हती म्हणणंही तेवढंच चूक. शुन्दमधल्या चुनआनला 1950 मध्ये त्यांनी बांधलेलं पिंगयुथांग हे घर अजून उभं आहे, सिंगापूरला घरकाम करून साठवलेल्या पैशातून उभारलेलं, म्हातारपणी एकमेकींबरोबर राहता यावं म्हणून. नवऱ्याला नाही म्हणणाऱ्या राजकन्येची गोष्ट त्यांच्यासाठी नुसती गोष्ट नव्हती.

पांढऱ्या सापाच्या कथेबद्दल थोडक्यात सांगते. पाय सूचन ही नागीण बाईच्या रूपात श्यू श्यानशी लग्न करते, फाहाय भिक्षू तिला हांगचौच्या लेइफंग पॅगोड्याखाली कोंडतो. सगळे हे नवरा-बायकोचं प्रेम म्हणून सांगतात. पण तिच्याबरोबर सतत श्याओछिंग आहे ना, हिरवी नागीण! नवरा कच खातो, भिक्षूचं ऐकतो, आणि हिरवी तुटक्या पुलावर तलवार घेऊन त्याच्या अंगावर जाते. नाटककार थ्यान हानच्या पेकिंग ऑपेरात तर शेवटी पॅगोडा पाडून तिला सोडवायला येते तीच. सिच्वान ऑपेरात आणखी गंमत आहे, तिथे हिरवा साप मुळात नर असतो, त्याला पांढरीशी लग्न करायचं असतं, लढाईत हरतो आणि तिच्याजवळ राहता यावं म्हणून बाई बनून तिची दासी होतो. लढाईच्या प्रसंगात पुन्हा पुरुष. आणि 1624 च्या फंग मंगलुंगच्या छापील कथेत हिरवी सापसुद्धा नाही, ती मासा आहे. तेव्हा ‘मूळ व्हर्जन’मध्ये कोण कोण होतं म्हणून वाद घालणाऱ्यांनी कुठल्या गावचं व्हर्जन ते आधी सांगावं.

क्वीअर वाचन म्हणजे जुन्या कथांना गोंडस करून घेणं, असाही समज असतो, तोही सोडायला हवा. पू सोंगलिंगच्या (1640 ते 1715) संग्रहात एक कथा आहे, फंग घराण्यातली तिसरी आणि फान घराण्यातली अकरावी अशा दोघींची. देवळातल्या उत्सवात भेट होते, अकरावी आपली सोन्याची केसातली पिन देते, तिसरी आपल्या अंबाड्यातली हिरवी पिन काढून देते. मग तिसरी येत नाही तर अकरावी झुरून आजारी पडते, आणि एक दिवस तिसरी भिंतीवरून चढून येते. इतकं सुंदर लिहिलंय की काय सांगू. पण पुढे अकरावीचं लग्न होतं, मैत्रीण सोडून जाऊ नये म्हणून ती आपल्याच नवऱ्याशी तिचंही लग्न लावायचा घाट घालते, ती तयार होत नाही तेव्हा तिला दारू पाजून नवऱ्याला तिच्याकडे पाठवते. तिसरी सकाळी सांगते की मी बाईचं रूप घेतलेली कोल्हीण आहे, माझी साधना तू मोडलीस, आणि निघून जाते. हा बलात्कार आहे, तो तसाच म्हणायचा. दोन बायकांना एकत्र राहायला त्या समाजात एकाच नवऱ्याच्या घराशिवाय जागा नव्हती, त्यातून हे प्रेम इथवर कुजलं, हे त्या कथेतच दिसतं. मी ती शिकवते तेव्हा अर्धं वर्णन सांगून थांबत नाही.

आता लेबलाचा मुद्दा. जुन्या चिनी भाषेत ‘समलिंगी माणूस’ असा ओळख सांगणारा शब्द नव्हता, हे बरोबर. पण गोष्टींवरून आलेले शब्द होते. हान घराण्याचा सम्राट आय याच्या बाहीवर त्याचा प्रियकर तुंग श्यान झोपला होता, त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली, त्यावरून ‘कापलेली बाही’ हा शब्दच पडला. युआन मेईच्या 1788 च्या संग्रहात फूच्यान प्रांतातल्या हू थ्यानपाओची कथा आहे. तो एका देखण्या अधिकाऱ्यावर जीव टाकतो, चोरून त्याला बघतो, पकडला जातो, मार खाऊन मरतो. महिन्याने गावातल्या एकाच्या स्वप्नात येऊन सांगतो की मोठ्या माणसाचा अपमान केला म्हणून मेलो ते ठीक, पण माझ्या मनात प्रेमच होतं, कोणाचं वाईट करायचं नव्हतं. पाताळातले अधिकारी मला हसले, माझी थट्टा केली, पण रागावलं कोणी नाही. आता मला सशाचा देव केलंय, पुरुषांच्या पुरुषांवरच्या प्रेमाचं खातं माझ्याकडे. गावकरी वर्गणी काढून देऊळ बांधतात. ‘ससा’ ही तेव्हा अशा पुरुषांना दिली जाणारी शिवी होती, आणि गोष्टीने शिवीचा देव करून टाकला. तैवानमध्ये न्यू तैपेईला 2006 पासून या देवाचं देऊळ आहे, पुरुष-पुरुष, बाया-बाया तिथे जोडीदार मिळू दे म्हणून नवस करतात. 2019 च्या मे महिन्यात तैवानमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. तेव्हा ‘आजच्या लोकांनी लादलं’ म्हणताना एवढं बघा की लोकांनी या गोष्टी आधीही वापरल्या होत्या, आजही वापरतायत.

राहिलं मराठीचं, आणि तुमच्या नाटकाला हेच सगळ्यात जास्त नडणार आहे. चिनीत बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’च, लिहिताना ‘ती’साठी वेगळं अक्षर रूढ झालं ते 1920 च्या सुमारास. क्रियापदाला लिंग नाही. मराठीत मात्र ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे तोंड उघडताच ठरवावं लागतं. वरच मी यिंगथायच्या तोंडी ‘मीच देवी बनतो’ लिहिलंय ते मुद्दाम, ती शानबोशी बोलतेय म्हणून. एका मासिकाने माझ्या मुलानच्या अनुवादात अशी सगळी रूपं न विचारता ‘दुरुस्त’ करून स्त्रीलिंगी केली होती, आणि छापून आल्यावर 12 वर्षं सोबत लढलेल्या सैनिकांना ती मुलगी आहे हे कसं कळलं नाही ते कोणाच्याच लक्षात येईना. मला ते फार लागलं होतं.

त्यानंतर मी कर्मणी प्रयोग कामाला लावला. ‘ने’ लावला की क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि करणाऱ्याचं लिंग लपतं. मूळ कवितेत मुलान चार बाजार हिंडते, ते मराठीत असं येतं: पूर्वेच्या बाजारात घोडा घेतला, पश्चिमेच्या बाजारात खोगीर घेतलं, दक्षिणेला लगाम घेतला, उत्तरेला लांब चाबूक. कोणी घेतलं? कळत नाही, आणि कळायलाही नको. लढाईचा सगळा भाग मी असाच केला. शेवटी दोन सशांची ओळ येते, जमिनीलगत जोडीने पळताना मी नर की मादी कोण कसं ओळखणार, तिथे ‘पळताना’ आपलं काम चोख करतं.

नात्याचे शब्दही सांभाळा. यिंगथाय शानबोला ‘ल्यांग भाऊ’ म्हणते, चिनीत प्रियकरालाही दादा म्हणतात, मराठीत ‘दादा’ म्हटलं की सगळं तिथेच संपलं. मी ‘गड्या’ घेते. पुरुष पुरुषाला म्हणतो, आणि लावणीतली बाईही म्हणते.

काम कोणी करायचं ते तुम्ही ठरवा, दोन मुली, दोन मुलगे, काहीही चालेल, फक्त निरोपाचा प्रसंग कापू नका, वेळ कमी पडला तर लग्नाची बोलणी कापा. यिंगथाय बाई आहे, तिला शिकायचं होतं आणि बापाने लग्न ठरवलं, ही जखमही तशीच राहू दे, क्वीअर वाचनात ती पुसली जायला नको. आणि शेवटी थडगं उघडल्यावर एकाला निळा आणि दुसऱ्याला गुलाबी पोशाख देऊ नका. दोघांना एकच रंग द्या. चिनीवरून मराठीत येताना मी जागोजागी अडते, पण या एका जागी मला काहीच करावं लागलं नाही, थडग्यात जातात ती दोघं, आणि बाहेर येतं एक फुलपाखरू, त्याच्यामागे दुसरं फुलपाखरू.